सोळाशे मीटर पाणी आणि तुर्की पासपोर्ट

तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून ग्रीसचं सामोस बेट सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम 1.6 किलोमीटरवर आहे. पण बोटीत पाय ठेवण्याआधी तुर्की माणसाच्या खिशातल्या पासपोर्टचा रंग बघावा लागतो. हिरवा पासपोर्ट वरच्या श्रेणीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आणि इतर काही ठरावीक गटांना मिळतो. तो असला की कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सर्वसामान्यांचा पासपोर्ट गडद तांबडा. त्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, हवाच.

याला एक अपवाद आहे आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. 2024 पासून ग्रीसने तुर्की पर्यटकांसाठी काही बेटांवर झटपट व्हिसा सुरू केला. सुरुवात लेसवोस, ख्योस, सामोस, कोस आणि ऱ्होड्स या पाच बेटांनी झाली. शुल्क 60 युरो, मुक्काम जास्तीत जास्त सात दिवस. शिक्का बेटाच्या बंदरावर मिळत असला, तरी कागद बोट कंपनी किंवा एजंटमार्फत आधीच पाठवावे लागतात. हात हलवत जाऊन चालत नाही. दुसरं, हा व्हिसा त्या बेटापुरताच असतो. कोसला उतरून तिथून अथेन्सचं विमान पकडायचा बेत करू नका.

अथेन्स, थेस्सालोनिकी किंवा पुढे युरोप बघायचा असेल तर नेहमीचा शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते 15 दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, गुंतागुंत असेल तर 45. शुल्क 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45. नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून फाइल पहिल्याच वेळी नीट लावा, असं मी कळकळीने सांगतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवासातल्या उपचारखर्चाचा विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. नोकरदाराने ई-देवलेत या सरकारी पोर्टलवरून सामाजिक सुरक्षेची नोंद आणि कुटुंबाचा नोंदणी उतारा काढावा. त्यासोबत कंपनीचं रजेचं पत्र, पगारपत्रकं आणि बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार जोडावेत.

फाइल फसते ती बहुधा कागद नसल्यामुळे नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. रजा 10 ते 17 तारखेची, हॉटेल 9 पासून, विमा 16 ला संपतो. किंवा महिनाभर रिकाम्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोठी रक्कम पडते. अधिकारी शोधत असतो ती एकच गोष्ट: हा माणूस ठरल्याप्रमाणे परत जाईल का? एकरकमी शिल्लकेपेक्षा दरमहा येणारा पगार याचं उत्तर जास्त चांगलं देतो. पैसे भावाने किंवा वडिलांनी दिले असतील तर ते लपवू नका. त्यांचं पत्र आणि त्यांच्या खात्याचे कागद जोडा.

व्हिसा हातात आल्यावर त्यावरचे दोन आकडे वेगवेगळे वाचा. वैधतेच्या तारखा म्हणजे ज्या काळात प्रवास करायचा तो काळ; मुक्कामाचे दिवस त्याहून कमी असू शकतात. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. अनेकांचा हिशेब इथेच एका दिवसाने चुकतो आणि पुढच्या अर्जाला डाग लागतो.

तो डाग आता जास्त महागात पडतो. जुलै 2025 मध्ये युरोपीय आयोगाने तुर्की नागरिकांसाठी चढत्या पायऱ्यांचा नियम आणला: आधीचा व्हिसा नियमाने वापरला असेल तर सहा महिन्यांचा बहुप्रवेश (कितीही वेळा ये-जा करता येणारा) व्हिसा, मग एक वर्षाचा, तीन वर्षांचा आणि शेवटी पाच वर्षांचा. भारतीयांसाठी असाच नियम एप्रिल 2024 मध्ये आला, तिथे पायऱ्या दोन आणि पाच वर्षांच्या. मात्र व्हिसा पाच वर्षांचा असला तरी 180 दिवसांत 90 दिवसांचा मुक्काम ही मर्यादा कायम राहते, आणि व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करून घ्या, मगच अर्ज भरा.