दर तोच, हजेरी कमी

(पहाट. चाकण, तळेगाव चौक. कंपन्यांच्या बसेस एकामागोमाग वळताहेत.)

पहिल्या पाळीच्या बसेस उजाडायच्या आधीच चौकात येतात. कुणी म्हाळुंग्याला जाणारी, कुणी निघोज्याला, कुणी कुरुळीला. चढणाऱ्या मुलांच्या गळ्यातल्या पट्ट्या बघा. कंपनी एकच, पट्ट्यांचे रंग मात्र वेगळे. एक रंग पर्मनंटचा, एक ठेकेदाराचा, एक ट्रेनीचा. गेटवर कुणाला काय विचारायचं, हे त्या रंगावरून ठरतं.

2025 सालात अमेरिकेने वाहनांच्या सुट्या भागांवर आयात शुल्क वाढवलं. त्याचा भार शेवटी कुठल्या रंगाच्या पट्टीवर येऊन पडला, ते बघायचं असेल तर एका भागाच्या मागे मागे जावं लागेल. आपण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनात पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, मागे जाऊ.

(फोर्जिंग शॉप, म्हणजे तापलेलं पोलाद दाबून भाग घडवायची जागा. इंडक्शन हीटरमधून लालभडक बिलेट बाहेर येतं.)

हा पोलादाचा ठोकळा. याला शॉपमध्ये बिलेट म्हणतात. करवतीवर मापात कापून तो इंडक्शन हीटरच्या कॉइलमधून सरकत येतो आणि बाहेर पडताना साधारण 1200 अंश सेल्सिअसवर असतो. तोंडाशी बसवलेला पायरोमीटर प्रत्येक ठोकळ्याचं तापमान वाचतो. थंड ठोकळा एका पेटीत, जास्त तापलेला दुसऱ्या पेटीत, योग्य तो पुढे. थंड ठोकळा प्रेसखाली गेला तर धातू डायच्या, म्हणजे साच्याच्या, कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, भाग अपुरा भरतो आणि डायवर नको तेवढा ताण येतो. जास्त तापलेला गेला तर पोलादाचे कण मोठे होतात, भाग आतून कमजोर राहतो. तो दोष वरून दिसतही नाही.

अंगावरची खपली, म्हणजे तापताना सुटलेला ऑक्साइडचा थर, आधी पाडावी लागते. नाहीतर ती दाबाखाली आत रुतते आणि मशीनिंगला खड्डा निघतो. मग प्रेस. पहिल्या ठोक्यात अंदाजे आकार, पुढच्यात पक्का आकार. दोन ठोक्यांच्या मध्ये डायवर ग्रॅफाइट मिसळलेल्या पाण्याचा फवारा. फवारा कमी पडला तर भाग डायला चिकटतो, जास्त पडला तर डाय गार होऊन तडकते. शेजारच्या प्रेसवर कडेने बाहेर आलेला जादा धातू, फ्लॅश, कापला जातो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ही लाइन सुरू करायची तर डाय आधी दीड-दोनशे अंशांपर्यंत गरम करून घ्यावी लागते. गार डायवर पहिला ठोका मारायचा नसतो. डाय बसवणं, गरम करणं, पहिले नग मापून बघणं, यात पाळीचा मोठा वेळ जातो. त्यामुळे ही लाइन एकतर पूर्ण पाळी चालते, नाहीतर बंद राहते. अर्धवट, हळूहळू चालवणं तिला परवडत नाही.

(शॉट ब्लास्टिंग. ग्राइंडरच्या ठिणग्या. होइस्टला लटकलेला क्रँकशाफ्ट.)

पुढे उष्मोपचार, शॉट ब्लास्टिंग म्हणजे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने सफाई, फेटलिंग म्हणजे कडा घासणं, मशीनिंग. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, कठीण करणं, ग्राइंडिंग. ट्रकच्या मोठ्या सहा सिलिंडर इंजिनाचा क्रँकशाफ्ट तयार झाल्यावरही शंभर किलोच्या आसपास भरतो, म्हणून उचल-ठेव होइस्टवर. होइस्टची साखळी धरणारा हात, ग्राइंडर धरणारा हात, तेल लावणारा हात, बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो.

(अंधारी खोली. जांभळट दिवा. क्रँकशाफ्टवर हिरवट रेघ चमकते.)

ही क्रॅक टेस्टिंगची खोली. शाफ्टमधून आणि त्याच्या भोवतीच्या कॉइलमधून वीज सोडून त्याला चुंबक बनवतात आणि अंगावर लोहकण मिसळलेलं द्रव ओततात. जिथे केसाइतकी भेग असेल तिथे कण गोळा होतात आणि अतिनील दिव्याखाली हिरवे-पिवळे चमकतात. नजर ठेवायची ती जर्नलच्या मुळाशी असलेल्या गोलव्यावर, फिलेटवर. इंजिन चालताना शाफ्ट तुटतो तो तिथूनच. बाहेरच्या उजेडातून आत आलेल्या माणसाने डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मगच पहिला नग बघायचा. तपासणी झाली की डीमॅग, म्हणजे चुंबकत्व काढून टाकणं. ते राहिलं तर शाफ्टला लोखंडाचा कीस चिकटतो आणि इंजिनात बेअरिंग खातो. निकालावर सही प्रमाणपत्रधारक माणसाची असते. शाफ्ट फिरवणारी आणि दिव्याखाली पहिल्यांदा रेघ पकडणारी नजर कित्येकदा कंत्राटी मुलाची.

मग गंजरोधक तेल, गंजरोधक पिशवी, लाकडी पॅलेट. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा हा शिक्का आहे, तो लाकूड कीड मरेपर्यंत तापवल्याचा. त्याशिवाय ते परदेशी बंदरात उतरत नाही. पट्ट्या ताणल्या की कंटेनर न्हावा-शेव्याकडे.

(महामार्ग. कंटेनरचं मागचं दार. बंदरातल्या क्रेन.)

आता त्या कंटेनरवरचं शुल्क बघू. 1962 च्या अमेरिकी कायद्यातलं कलम 232 वापरून 3 एप्रिल 2025 पासून प्रवासी गाड्या आणि हलक्या ट्रकवर, आणि 3 मेपासून त्यांच्या प्रमुख भागांवर 25 टक्के शुल्क लागलं. अवजड ट्रकचे भाग त्या यादीत नव्हते. त्यांना देशावार शुल्क लागू झालं: 5 एप्रिलपासून 10 टक्के, 7 ऑगस्टपासून भारतावर 25 टक्के, 27 ऑगस्टपासून 50. आणि 1 नोव्हेंबरपासून अवजड वाहनं व त्यांचे प्रमुख भागही कलम 232 मध्ये गेले, म्हणजे पुन्हा 25. एकाच शॉपमध्ये, एकाच पोलादातून घडणारे दोन क्रँकशाफ्ट. पुढे कुठल्या गाडीत बसणार यावर शुल्काचा आकडा, आणि ट्रकच्या शाफ्टचा आकडा सात महिन्यांत चारदा बदललेला.

50 टक्क्यांची घोषणा झाली 6 ऑगस्टला. 27 ऑगस्टपूर्वी बोटीत चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी तिकडे सोडवून घेतलेला माल त्यातून सुटणार होता. अशी तारीख जाहीर झाली की आधी धावपळ होते. रविवारी पाळी, चार-चार तास ओटी, म्हणजे जादा काम. तारीख उलटली की तिकडची गोदामं भरलेली आणि इकडचं शेड्यूल, म्हणजे ग्राहकाच्या मागणीचं वेळापत्रक, कोरं.

शुल्क कायद्याने भरतो तिकडचा आयातदार. मग चाकणच्या मुलाचा त्यात काय संबंध? संबंध सौद्यातून येतो. शंभर डॉलरच्या शाफ्टवर 25 डॉलर भरलेला ग्राहक पुढच्या मेलमध्ये लिहितो, यातला काही वाटा तुम्ही उचला. कारखानदार हिशेबाला बसतो. पोलादाचा भाव करारातल्या सूत्राने ठरतो, त्याला हात लावता येत नाही. वीजबिलातला स्थिर आकार प्रेस बंद असला तरी भरावा लागतो. मशीनच्या कर्जाचा हप्ता ठरलेला. पर्मनंट कामगारांचा पगार युनियनशी झालेल्या, बहुधा तीन वर्षांच्या करारात बांधलेला. सगळ्या खर्चात एकच ओळ उरते जी एका फोनवर कमी होते: ठेकेदाराकडून उद्या किती माणसं.

(रिकामी लाइन. झाकून ठेवलेला प्रेस. नोटीस बोर्ड.)

आणि लाइन अर्धवट चालत नाही, हे आपण मघाशी पाहिलं. शेड्यूल तीस टक्क्यांनी उतरलं तर प्रेस तीस टक्के हळू चालत नाही. तो आठवड्यातले दोन दिवस बंद राहतो. महिन्याच्या पगारदाराला त्या दिवसाचा पगार मिळतो. रोजावरच्या माणसाची हजेरी लागत नाही.

(पगाराच्या स्लिपचा क्लोज-अप. बोट एकेका ओळीवर.)

हिशेब कळावा म्हणून गोल आकडे धरू. रोज 600 रुपये. भरलेल्या महिन्यात 26 हजेऱ्या, म्हणजे 15,600. ओटीचे 36 तास. तासाचा दर 75, कायद्याप्रमाणे दुप्पट म्हणजे 150, एकूण 5,400. एकही खाडा नाही म्हणून हजेरी भत्ता 1,000. बेरीज 22,000. यातून पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के, 1,800. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, पाऊण टक्का, 165. व्यवसाय कर 200. हातात 19,835.

आता मंदीचा महिना. रोज तोच, 600. हजेऱ्या 19, म्हणजे 11,400. ओटी नाही. हजेरी भत्ता 26 भरले तरच, तेव्हा तोही नाही. गेट कंपनीने बंद ठेवलं होतं, पण स्लिपवर ते दिवस गैरहजेरीसारखेच दिसतात. पीएफ 1,368, ईएसआय 86, व्यवसाय कर पुन्हा 200. हातात 9,746.

पगार निम्म्याहून खाली आला आणि दर एका पैशाने कमी झाला नाही. किमान वेतनाच्या तपासणीला कुणी आलं, तर रजिस्टरमध्ये दाखवायला काहीच चुकीचं नाही. वेतनकपात म्हणून हे कुठेही नोंदलं जात नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

कायद्यात ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवल्याची, भरपाई आहे: मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. ती मिळते वर्षभर सलग सेवा झालेल्याला, आणि बदली किंवा कॅज्युअल कामगार त्यातून वगळलेला. सलग वर्ष मोजायला 240 दिवस लागतात. म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. काही दिवस घरी, मग नवा ठेकेदार, नवा नंबर, मोजणी पुन्हा एकपासून. मशीन तेच. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने बुडवलेला पगार देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. पण लावलेल्याच नाहीत अशा हजेऱ्यांना बुडवलेला पगार कोण म्हणणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी आली, तिला अपवादही जोडून आले. शेड्यूल वर-खाली होण्याचा प्रश्न तिथेही ठेकेदाराच्याच अंगणात राहिला.

(खोली. भिंतीलगत चार गाद्या. मेसचे डबे. बांधलेली बॅग.)

खोलीभाडं आणि मेस पूर्ण महिन्याचे असतात. काही मुलं लातूर, नांदेड, परभणीकडे परत जातात.

(पुन्हा अंधारी खोली. जांभळट दिवा.)

शेड्यूल पुन्हा वाढलं की ठेकेदाराला फोन जातो आणि नवी मुलं येतात. ज्याची नजर सात महिन्यांत फिलेटवर बसली होती तो आता दुसऱ्या गेटवर आहे, किंवा गावी. नव्या मुलाला सुपरवायझर सांगतो: दार लाव, आधी डोळे सरावू दे, मग शाफ्ट फिरव. हळू. गोलव्याकडे बघ. आणि बाहेर काढायच्या आधी डीमॅग विसरू नकोस.