फॅन ‘डायरेक्ट’ करण्यापूर्वी

मित्रहो, जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली हात घातला तर पुष्कळदा एक उपरे बटण लागते. कधीतरी गाडी तापलेली असते, रेडिएटरचा पंखा फिरत नसतो, आणि मेकॅनिकने बॅटरीपासून वायर ओढून फॅन ‘डायरेक्ट’ करून दिलेला असतो. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवण्यापुरता हा उपाय मला मान्य आहे. पण ते बटण पुढे वर्षानुवर्षे तसेच राहते आणि पंखा मुळात का थांबला होता, हे कोणी पाहत नाही.

अँबॅसडर किंवा पद्मिनी चालवलेल्यांना हा प्रश्न पडत नसे, कारण त्यांचा पंखा इंजिनच पट्ट्याने फिरवीत असे. 1983च्या अखेरीस मारुती 800 आली, तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. अशा रचनेत पट्ट्याने फिरणारा पंखा रेडिएटरसमोर आणणे अवघड असल्याने तो विजेवर चालवावा लागतो. त्यात फायदाही आहे. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंख्याची खरी गरज सिग्नलला, गर्दीत आणि घाटातल्या रांगेत असते. मात्र तो केव्हा सुरू करायचा हे कोणीतरी ठरवायला हवे, आणि गोंधळ नेमका इथे होतो.

कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान ‘ओळखणारे’ भाग गाडीत एकाहून अधिक असू शकतात. पहिला सेंडर, म्हणजे डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याला माहिती पाठवणारा भाग. त्याला बहुधा एकच वायर असते आणि अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, त्याला आट्यांमधून इंजिनाकडून मिळतो. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तर काटा खोटे सांगू लागतो. दुसरा पंख्याचा थर्मो-स्विच. त्यात द्विधातूची चकती असते, ती ठरलेल्या तापमानाला, समजा 92 अंशांना, वाकून संपर्क जोडते आणि 87च्या आसपास तोडते. हे पाच अंशांचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर पंखा सतत चालू-बंद होत राहील. तिसरा भाग फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत आला, तो म्हणजे ईसीयूला, इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, माहिती देणारा सेन्सर. तापमान वाढेल तसा त्याचा रोध घटतो. एका प्रचलित प्रकारात तो 20 अंशांना सुमारे 2500 ओहम, तर 80 अंशांना जेमतेम 300 ओहम असतो. ईसीयू पाच व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून त्याच्याकडे पाठवतो आणि सेन्सरवर उरणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान काढतो.

हा भेद तपासणीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. थर्मो-स्विचच्या गाडीत सॉकेट काढून त्यातल्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा. फिरला तर बहुधा स्विच गेलेला असतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थ आणि मोटर या मार्गाने शोधावे. ईसीयूच्या गाडीत उलट आहे: नुसते सॉकेट काढले तरी ईसीयूला सेन्सर तुटल्याचे कळते आणि बऱ्याच गाड्यांत तो सावधगिरी म्हणून पंखा चालू करतो. एका गाडीची रीत दुसरीला लावली की चांगला भाग कचऱ्यात जातो. शिवाय ईसीयूचा सेन्सर बिघडून कायम ‘थंड’ सांगत राहिला तर पेट्रोल जास्त सोडले जाते, मायलेज घसरते आणि मालक मात्र प्लग बदलत बसतो.

माझाच एक अनुभव सांगतो. खंबाटकी घाटात माझ्या जुन्या गाडीचा काटा वर गेला आणि पंखा मात्र गप्प. दोनदा स्विच बदलला, तरी तेच. शेवटी गाडी तापलेली असताना, इंजिन बंद करून, रेडिएटरच्या दोन्ही होजपाइपांना हात लावून पाहिला. वरच्याला हात ठेववेना आणि खालचा जवळजवळ गार. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, बंद अवस्थेत अडकला होता, त्यामुळे गरम कूलंट रेडिएटरमधून फिरतच नव्हते; माझ्या गाडीचा स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत होता आणि त्याला जे तापमान मिळत होते ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, पण मी नवा बसवला. तो नसेल तर इंजिन लवकर तापत नाही, आणि थंड इंजिनाची झीज जास्त होते.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे कूलंट गळून गेलेले असणे. सेन्सरचे टोक द्रवात बुडालेले असेल तरच त्याला खरे तापमान कळते. भोवती हवा अडकली तर उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. काटा मध्यावरून खाली येतो, चालकाला बरे वाटते, आणि तिकडे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकत असते. घाटात काटा अकारण खाली उतरला तर मी गाडी बाजूला घेतो. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडायचे नाही; बंद यंत्रणेत दाब सुमारे 0.9 बार असतो, त्यामुळे पाणी 118 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येते.

स्विच संशयास्पद वाटला तर तो घरी तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्याचे टोक दोरीने लटकवावे, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि मल्टिमीटरच्या पिना स्विचला लावून गॅस मंद करावा. संपर्क कुठल्या अंशाला जुळला ते लिहून ठेवावे, मग गॅस बंद करून कुठे तुटला तेही. पुण्यात पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळते, त्यामुळे 100 अंशांचा स्विच इथल्या पातेल्यात कधीच लागणार नाही. स्विचवर छापलेला आकडा आधी वाचावा.