कंगव्याचं माप

मागच्या रांगेतल्यांनो, ऐकू येत असेल तर दोन्ही हात वर करा. आता तसेच धरून ठेवा. भरून यायला लागले ना? धापेच्या रुग्णाचा अशा वेळी श्वासच अडतो. खांद्यामानेचे जे स्नायू त्याला श्वास ओढायला मदत करत असतात, तेच हात तोलण्यात अडकतात. म्हणून सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या आजारात, जिन्याइतकाच कंगवाही छळतो. ठेवा खाली हात. फुप्फुसांच्या आजारातल्या पुनर्वसनाचा फायदा कसा मोजायचा, हे सांगायला तुम्ही मला बोलावलंत; मी कंगव्यापासून सुरुवात करते.

हे मला एका बाईंकडून कळलं. काय त्रास होतो, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "केस विंचरता येत नाहीत. मुलगी विंचरते, पण तिची कामावर जायची घाई असते, मला ओशाळं वाटतं." मी ते समासात लिहून ठेवलं, छापील तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा त्या पुनर्वसनाला आल्या. चालणं, हातापायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं. शेवटच्या आठवड्यात त्या स्वतःच्या हातांनी केस विंचरून आल्या. त्याच दिवशी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची श्वासाची तपासणी, झाली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा होती तेवढीच. तेवढीच असणार! पुनर्वसनानं फुप्फुस बदलत नाही. पायांत बळ येतं, धापेची भीती कमी होते. पण अहवालावर कुणीतरी शेरा मारला होता, 'सुधारणा नाही'. तो कागद घेऊन बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, "मग आज केस कुणी विंचरले?" त्या शेऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मीही चुकलेच. "दम किती लागतो?" असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पूर्वीइतकाच." मी हिरमुसले. मग उलगडा झाला: पूर्वी बसल्याजागी लागणारा दम आता दोन जिने चढल्यावर लागत होता. माणूस जास्त करू लागतो आणि उत्तर तेच राहतं.

चिठ्ठी आली, चारच मिनिटं उरलीत. ज्यासाठी बोलावलंत ते भराभर सांगते. आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते विचारणाऱ्या सेंट जॉर्ज प्रश्नावलीत 50 प्रश्न, गुण 0 ते 100, कमी तितकं चांगलं. 4 गुणांचा फरक रुग्णाला जाणवतो असं मानतात. कॅट या सीओपीडीच्या छोट्या प्रश्नावलीत 8 प्रश्न, 40 गुण, तिथे 2 पुरतात. सहा मिनिटांच्या चालण्यात सुमारे 30 मीटरची वाढ. कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या 2015च्या आढाव्यात पुनर्वसनाच्या 65 अभ्यासांचे निकाल एकत्र केले, तेव्हा सेंट जॉर्जमध्ये सरासरी फरक जवळजवळ 7 गुणांचा निघाला, चालणं 40 मीटरहून जास्त वाढलं.

माझा आग्रह मात्र 1987च्या क्रॉनिक रेस्पिरेटरी प्रश्नावलीचा. तिच्यात धाप लावणारी पाच कामं रुग्ण स्वतः निवडतो आणि नंतर त्याच पाचांबद्दल पुन्हा सांगतो. सात पायऱ्यांच्या मापावर प्रश्नामागे सरासरी अर्धा गुण वाढला, तर तो फरक खरा. प्रत्येकाची कामं वेगळी, त्यामुळे दोन रुग्णांची तुलना अवघड होते. म्हणून पुढे ठरावीक कामांची आवृत्ती निघाली. वेळ असेल तर दोन्ही भरून घ्या. एकच जमणार असेल, तर रुग्णानं निवडलेली कामं सोडू नका.

आणि फक्त शेवटच्या दिवशी मोजू नका. व्यायाम सुटला की कमावलेलं वर्षभरात ओसरायला लागतं. त्या बाईंना मी वर्षानं पुन्हा विचारलं. विंचरत होत्या, मध्ये एकदा थांबून. पुढच्याच आठवड्यापासून त्यांचे व्यायाम पुन्हा सुरू केले.