आदेश कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार.

१० मे २००६ या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे मंत्री सुरूपसिंग नाईक आणि वन खात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची साधी कैद सुनावली. गुन्हा होता न्यायालयाचा अवमान.

विनापरवाना आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने बंद करा, असं गोदावर्मन खटल्यात, म्हणजे जंगलं वाचवण्यासाठीच्या खटल्यात, न्यायालयाने १९९७ मध्येच बजावलं होतं. गिरणी चालू राहिली की तिला लाकूड लागतं, आणि ते शेवटी जंगलातूनच येतं. तरीही काही कारखान्यांना मंत्रालयातून परवानगी मिळाली. दोघांनी माफी मागितली, पण न्यायालयाने ती स्वीकारली नाही. शिक्षा एका महिन्याचीच होती, तरी माझ्या मते तिचं मोल फार मोठं आहे. आदेश मोडल्याची किंमत त्या दिवशी फाइलवर सही करणाऱ्या माणसांनी मोजली.

आता उदयपूरजवळचं बिछडी गाव बघा. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी एच-ॲसिड, म्हणजे रंग बनवायला लागणारं एक रसायन, बनवताना निघालेला सुमारे २,४४० टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. तो जमिनीत मुरला, विहिरी नासल्या. माणसाला नाही, गुराला नाही, पिकालाही ते पाणी चालेना. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने घाण केली त्यानेच सफाईचा खर्च भरायचा. खर्च ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. कारखाने चालवणाऱ्या कंपनीने एकामागून एक अर्ज केले, आणि जुलै २०११ उजाडला तरी पैसे भरलेले नव्हते! मग न्यायालयाने चक्रवाढ व्याज लावलं, वर १० लाखांचा दंड. पंधरा वर्षं गावकऱ्यांनी काय प्यायचं, याचा हिशेब कोणत्या व्याजात बसतो? एखाद्या संचालकाला महिनाभर जरी आत बसावं लागलं असतं, तरी ही रक्कम इतकी वर्षं अडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या नदीबद्दल, कचरा डेपोबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा, आदेश असेल आणि तो पाळला जात नसेल, तर या न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याचं कलम २६ वाचा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १० कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनी असेल तर दंड २५ कोटींपर्यंत. साठ दिवसांची रीतसर नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही तक्रार करता येते. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे.

नमस्कार.