दुसऱ्यांच्या घरांसाठी

[दृश्य: हिवाळ्यातलं सपाट माळरान. फक्त वाऱ्याचा आवाज.]

कॅनडातलं मॅनिटोबा. या माळावर नजर अडावी असं काही नाही. 1872 च्या नोव्हेंबरात, थंडीचा जोर वाढत असताना, पन्नाशीतला एक शेतकरी इथली जमीन पाहायला निघाला. ती त्याला स्वतःसाठी नको होती. ज्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं अशा माणसांसाठी तो ती बघणार होता.

त्यांचं नाव जेकब शांट्झ. गाव ऑन्टारिओतलं बर्लिन. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, त्या गावाचं नाव बदलून किचनर झालं. आज तिथे शिकायला आणि नोकरीला गेलेली कितीतरी मराठी मुलं राहतात. त्याच मातीतला हा माणूस.

शांट्झ मेनोनाइट होते. सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणतेपणी, हाती शस्त्र धरायचं नाही, शपथ वाहायची नाही. उपदेशक निवडायचा तो मंडळीतल्याच, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्याच, शेतकऱ्यांतून, पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून, आणि तोही बिनपगारी. शांट्झ उपदेशकही नव्हते. मंडळीचे साधे सभासद. शेती, बांधकामाची कंत्राटं आणि पुढे बटणांचा कारखाना, हा त्यांचा व्याप. नेहमीच्या उपासनेखेरीज वेगळ्या प्रार्थनासभा असाव्यात की नसाव्यात, यावरून पुढे ऑन्टारिओतली मंडळी फुटली, तेव्हा ते नव्या गटाबरोबर गेले. माझ्या मते मात्र त्यांची खरी सेवा प्रार्थनाघराबाहेरची होती.

[दृश्य: युरोपचा जुना नकाशा. आजच्या युक्रेनचा दक्षिण भाग.]

इकडे रशियाच्या साम्राज्यात सम्राज्ञी कॅथरीनच्या काळापासून मेनोनाइट वसलेले होते. सैन्यात जावं लागणार नाही, असं वचन त्यांना मिळालेलं होतं. 1870 च्या सुमारास ते वचन मोडणार हे दिसू लागलं. 1874 मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आलाच. बंदूक न धरणाऱ्यांनी जायचं कुठे?

कॅनडाला शेतकरी हवे होते. शांट्झ आणि रशियातून आलेला तरुण बर्नहार्ड वॉर्केन्टिन मॅनिटोबा पाहून आले. माती, लाकूड, गवत, थंडी, जे दिसलं ते शांट्झ यांनी लिहून काढलं. 1873 मध्ये सरकारने तो वृत्तान्त छापला. त्याच वर्षी रशियातून बारा प्रतिनिधी आले. पुन्हा वाट दाखवायला शांट्झ होतेच. 23 जुलै 1873 रोजी ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या सरकारने, पत्र दिलं: लष्करी सेवेतून माफी, आणि एकवीस वर्षांवरच्या माणसाला 160 एकर जमीन.

इथे थांबायला हवं. ही जमीन रिकामी नव्हती. अनिशिनाबे आणि क्री लोकांचा हा मुलूख, मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या मेटी लोकांचीही भूमी. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट 1871 मध्ये, सरकार आणि मूळ रहिवासी यांच्यात जमिनीबद्दलचा ‘पहिला करार’ झाला होता. त्यात मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेली जमीन होती 160 एकर, पाच माणसांच्या अख्ख्या कुटुंबामागे. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ही कथा सांगता येत नाही.

[दृश्य: लाल नदी. गढूळ पाणी, चिखलाचा काठ.]

1 ऑगस्ट 1874. ‘इंटरनॅशनल’ नावाची आगबोट लाल नदी आणि रॅट नदीच्या संगमाशी लागली. विनिपेगपर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. अमेरिकेतून आगगाडीने यायचं आणि पुढे नदीने. पेट्या, गाठोडी, लेकरं घेऊन माणसं चिखलात उतरली. पण आजच्या निव्हरव्हिलजवळ त्यांच्यासाठी लाकडी पडव्या उभ्या होत्या. त्या शांट्झ यांनी आधीच बांधून घेतल्या होत्या. महिनोन्‌महिने प्रवास करून आलेल्या बाईला पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर मिळणं म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांनी गाव सोडलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

या पडव्यांमधून गावं निघाली. पुढच्या काही वर्षांत सुमारे 7,000 मेनोनाइट मॅनिटोबात आले. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खोदून वर गवताच्या ढेपांचं छप्पर घातलेल्या खोपटांत काढला. नंतर एकाच आढ्याखाली घर आणि गोठा. जळण कुठलं? माळावर झाड नाही. मग शेणाच्या विटा थापून, वाळवून, मोठ्या मातीच्या चुलाण्यात घालायच्या. आपल्या गोवऱ्यांचीच ही बहीण. बर्फाच्या वादळात वाट चुकून माणूस गोठू नये म्हणून पश्चिमेकडच्या वसाहतीत त्यांनी वाटेने खांबांची रांग पुरली.

आणि मग टोळ. पहिल्याच वर्षांत पिकं फस्त झाली. बियाणं नाही, पीठ नाही. सरकारने 96,400 डॉलर कर्ज दिलं, पण हमी मागितली. हमी दिली ऑन्टारिओतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी. वेगळी बोली, वेगळे रिवाज असलेल्या, हजारो मैलांवरून आलेल्या अनोळखी लोकांसाठी ते जामीन राहिले. पीक पुन्हा बुडालं असतं तर आपली शेतं जातील, हे त्यांना कळत होतं. ही मदत पाहणाऱ्या समितीचे चिटणीस आणि खजिनदार शांट्झ. कोणाला किती दिलं, कोणाकडून किती यायचं, हा हिशेब वर्षानुवर्षं त्यांच्याकडे.

[दृश्य: जुन्या हिशेबाच्या वहीसारखी पानं उलटताना.]

नव्या वसाहतींच्या गोष्टींत नांगर दिसतो, वही दिसत नाही. मला ही वही फार मोलाची वाटते.

1892 पर्यंत ते कर्ज फिटलं.

दोन वर्षांनी, 1894 मध्ये, ऑन्टारिओतून आणखी काही कुटुंबं पश्चिमेला निघाली, अल्बर्टातल्या डिड्सबरीला. त्यांना घेऊन जायला बहात्तर वर्षांचे शांट्झ पुन्हा आगगाडीत बसले. माणसांची सोय लावली. आणि नेहमीसारखेच, स्वतः मात्र बर्लिनला घरी परतले.

[दृश्य: निव्हरव्हिलजवळचं शेत. वाऱ्यात हलणारं पीक. निवेदन थांबतं.]