नांदता वाडा

शनिवारवाडा दाखवायला पाहुण्यांना नेलं की दिल्ली दरवाजातून आत शिरल्यावर ते हमखास विचारतात, "वाडा कुठाय?" १८२८ च्या आगीत तो गेला. तट राहिला, जोती राहिली. पेशवाईतला वाडा आतून कसा असायचा, हे बघायचं तर त्यांना बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यात न्यावं लागतं.

दुसऱ्या बाजीरावानं १८०७ च्या सुमारास तो बांधला, खर्च दोन लाखांच्या घरात. तिथे तो जेमतेम अकरा वर्षं राहिला. पेशवाई बुडाली, धनी गेला, तरी वाडा ओस पडला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. डेक्कन कॉलेजचं मूळ तेच. १८७९ च्या आगीत पूर्वेची बाजू जळाली, ती नगरपालिकेनं लोकवर्गणीची जोड घेऊन पुन्हा उभी केली. पुढे पालिकेचं कामकाज १९५९ पर्यंत इथूनच चाललं. खाली पोस्टही होतं. पाकीट टाकायला आलेला माणूस सुरूच्या आकाराच्या खांबांखालून जायचा!

वाडा टिकला तो या राबत्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. रोज वापर असला की गळणारं कौल त्याच पावसाळ्यात कुणाला तरी दिसतं. बंद घरातली गळती दिसते ती तुळई खचल्यावर.

पण वापर करणाऱ्यांनी वाड्याला जखमाही केल्या, हे सांगायला हवं. कचेरी आली की फळ्यांचे आडोसे येतात, वायरी येतात, ऑइलपेंट येतो. सागवानी खांब जवळून बघा. तळाशी घडवलेली बैठक, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला दांडा, माथ्यावर केळफुलाचं कोरीव काम. अशा नक्षीवर रंगाचे थर चढले की पाकळ्यांमधल्या खाचा बुजतात, आणि ते थर काढताना घाई केली तर रंगाबरोबर पाकळीही निघते. हे काम हातानंच, इंच इंच करत न्यावं लागतं.

भिंतींचंही तेच. माझ्या ओळखीच्या एका घरानं आपल्या वाड्याची चुन्याची भिंत 'पक्की' करायला सिमेंटचा गिलावा दिला. ओल आतच कोंडली. चार पावसाळ्यांनी मी भिंतीतल्या तुळईच्या टोकाला बोट लावलं, तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं सुटलं. त्या घरातल्या आजी तिथेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघवलं नाही मला.

म्हणून विश्रामबागवाडा पर्यटकांसाठी सजवायचा म्हणतात, तेव्हा मला आनंद होतो आणि धास्तीही वाटते. तिकीट जरूर ठेवा, प्रदर्शनं भरवा, मेघडंबरीवर, म्हणजे दारावरच्या कोरीव सज्जावर, दिवे सोडा. पण दिवाणखान्यात गाण्याचे, मोडी लिपीचे वर्ग भरू द्यात, आसपासच्या पेठांतली मुलं चौकात येऊ द्यात. दोरी लावून बंद केलेल्या दालनात महिनोन्‌महिने कुणाचं पाऊल पडत नाही, आणि वाळवीला तेवढंच हवं असतं.

पालिकेकडे माझं मागणं फार मोठं नाही. दर मे महिन्यात, वळवाच्या आधी, पन्हळी साफ करून कौलं चाळायला दोन जाणते गवंडी आणि एक सुतार बोलवा. त्यांच्या मजुरीचा आकडा दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा लिहा. पन्हळीत उगवलेलं पिंपळाचं रोप मे महिन्यात दोन बोटांनी उपटता येतं.