फसली सन 1357 आणि आईचा वाढदिवस

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या मराठवाड्यातील जुन्या घरांमध्ये पत्र्याची एखादी पेटी अजून असते, आणि त्या पेटीत जमिनीचे जुने उतारे, खरेदीखते, सावकाराच्या पावत्या असे कागद असतात. त्यांवर वर्षाचा आकडा 1340 किंवा 1350 असा दिसतो, तेव्हा घरातील तरुण मुलांना तो सातशे वर्षांपूर्वीचा वाटतो. तो तसा नसतो. तो फसली सन असतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानात जमीन महसुलाचा सगळा कारभार याच सनाने चालत असे, आणि आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत त्या संस्थानात होता.

फसल म्हणजे पीक. शेतसारा पीक हाती आल्यावर घ्यायचा असतो, आणि पीक सूर्याच्या गतीने येते. हिजरी वर्ष मात्र चंद्राचे, सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे आकडा हिजरी सनाचा आणि वर्ष मात्र सूर्याचे, अशी व्यवस्था करण्यात आली. दख्खनेत ती शहाजहानच्या काळात, 1636 साली, म्हणजे हिजरी 1046 मध्ये आली आणि त्या वेळी दोन्ही आकडे सारखे होते. पुढे 1948 साली फसली सन 1357 चालू असताना हिजरी सन 1367 चालू होता. दरवर्षीच्या अकरा दिवसांचा फरक साचत साचत तीनशे वर्षांत दहा वर्षांचा झाला होता.

आता फसली सनाचे इसवी सन कसे करायचे, ते लक्षपूर्वक ऐकावे. बहुतेक लोक 590 मिळवतात. ते अर्धेच बरोबर आहे. संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, अजूर महिन्यापासून सुरू होई आणि आबान महिन्याने संपे. उदाहरणार्थ, 1339 फसली हे वर्ष 6 ऑक्टोबर 1929 ते 5 ऑक्टोबर 1930 असे होते. म्हणून दिवस वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर 590 मिळवावेत, आणि जानेवारीपासून पुढचा असेल तर 591 मिळवावेत. पुन्हा सांगतो, ऑक्टोबर ते डिसेंबर 590, आणि जानेवारी ते सप्टेंबर 591. आकडा मिळवण्याआधी ते वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते, हे विचारले पाहिजे. या एका वर्षाच्या चुकीने आमच्या घरात काय घडले, ते आता सांगतो.

माझे आजोळ परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. माझ्या आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1947 अशी आहे. एक जून ही तारीख ऐकताच आपल्यापैकी अनेकांना स्वतःच्या घरातील माणसे आठवतील, कारण त्या काळी गुरुजी शाळेत नाव घालताना मूल सहा वर्षांचे भरावे म्हणून हीच तारीख लिहीत असत. त्यात गुरुजींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांनी ती तारीख लिहिली म्हणून त्या पिढीतील कितीतरी मुली शाळेत बसू शकल्या, आणि माझ्या मते दाखल्यावरील अचूक तारखेपेक्षा ते अधिक मोलाचे होते. तारीख ठरीव होती हे सगळ्यांनाच माहीत होते. वाद होता तो वर्षाबद्दल.

आजी आईला नेहमी सांगत असे, “आनंताच्या तिसऱ्या दिशी तू झालीस. पोलीस ॲक्शन नुकतीच झालती, अन् गावात कुणी कुणाला काय बोलावं ते कळत नव्हतं.” पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई, 13 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झाली आणि 17 सप्टेंबरच्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली, हे आपण सर्व जाणता. म्हणजे आजीच्या सांगण्याप्रमाणे आईचा जन्म 1948 चा ठरत होता. परंतु थोरले मामा ते मान्य करत नसत. आजोबांच्या दुकानाच्या चोपडीत मुलीच्या जन्माची नोंद होती, तिच्यावर 1357 फसली असा सन होता, आणि मामांनी त्यात 590 मिळवून 1947 हे वर्ष काढले होते. शाळेत नाव घालताना तेच सांगितले गेले. मामा हिशेबाला पक्के होते आणि आजीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे घरात मामांचे खरे मानले गेले आणि आजीची आठवण चुकीची ठरली. आजी वारली तेव्हाही ती चुकीचीच होती.

आईच्या पंचाहत्तरीचा विषय निघाला, तेव्हा मी ती चोपडी मागून घेतली. नोंद मोडीत होती. तालुक्याच्या गावातील एका वृद्ध जाणकारांकडून मी ती वाचून घेतली. त्यांनी बोट ठेवून वाचले: भाद्रपद वद्य 2, इंदुवासर, सन 1357 फसली. इंदु म्हणजे चंद्र, आणि इंदुवासर म्हणजे सोमवार. मामांनी सन तेवढा पाहिला होता. महिना आणि वार यांच्याकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते. भाद्रपद हा फसली वर्षाच्या अगदी अखेरीचा महिना आहे, म्हणून तेथे 590 नव्हे, 591 मिळवायचे होते. 1357 अधिक 591 म्हणजे 1948.

श्रोतेहो, भाद्रपद कधी कधी ऑक्टोबरातही शिरतो, त्यामुळे केवळ या एका बेरजेवर मला थांबायचे नव्हते. साक्षीला वार होता. 15 ऑगस्ट 1947 रोजी शुक्रवार होता. साध्या वर्षात 52 आठवडे आणि एक दिवस असतो, म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. मध्ये 29 फेब्रुवारी आली तर दोन वार पुढे जाते. 1948 हे लीप वर्ष होते, म्हणून 15 ऑगस्ट 1948 रोजी रविवार आला. 1948 साली अनंत चतुर्दशी होती 17 सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी निजाम शरण आला त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, 19 तारखेला वद्य प्रतिपदा आणि 20 सप्टेंबरला वद्य द्वितीया. 15 ऑगस्टपासून 20 सप्टेंबरपर्यंत 36 दिवस होतात; पाच आठवडे आणि एक दिवस. रविवारात एक मिळवला की सोमवार. चोपडीतही सोमवार होता. 1947 सालची भाद्रपद वद्य द्वितीया मात्र 2 ऑक्टोबरला, गुरुवारी येते. अनंत चतुर्दशीपासून मोजले तर 20 सप्टेंबर हा तिसराच दिवस आहे. आजीने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता.

मी हे कागदावर मांडून आईला दाखवले. तिने बेरीज पाहिली नाही. ती एवढेच म्हणाली, “माझी माय खोटं कशाला सांगंल?”

पुढचा प्रश्न असा उभा राहिला की पंचाहत्तरी 2023 साली करायची, पण कोणत्या दिवशी करायची? तिथीने पाहिले तर भाद्रपद वद्य द्वितीया 1 ऑक्टोबर 2023 रोजी येत होती, आणि तारखेने 20 सप्टेंबर. हा अकरा दिवसांचा फरक अधिक महिन्यामुळे पडला होता. आपले चांद्र वर्षही हिजरीप्रमाणे 354 दिवसांचेच असते, पण सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो; एकोणीस वर्षांत असे सात महिने वाढतात. 2023 साली अधिक श्रावण होता, म्हणून त्यानंतरचे सगळे सण उशिरा आले. तिथी धरावी तर ती पितृपक्षात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते पटेना. तारीख धरावी तर दुसऱ्याच दिवशी महालक्ष्म्या बसणार, आणि घरातील बायकांना श्वास घ्यायला सवड नाही. शेवटी आईनेच 20 सप्टेंबर ठरवला, आणि महालक्ष्म्यांसाठी माहेरी आलेल्या लेकींसमोर तिला ओवाळले.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचे थोडक्यात सांगतो. शालिवाहन शकाचे, ज्या शालिवाहनाचे नाव आपल्या पैठणशी जोडलेले आहे त्याच्या शकाचेही, गणित असेच आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवावेत, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. आकाशवाणीवर आपण जो भारतीय सौर दिनांक ऐकता, तो 22 मार्च 1957 पासून सुरू झाला. त्याचा चैत्र 22 मार्चला आणि लीप वर्षी 21 मार्चला लागतो, आणि त्यातील भाद्रपद आपल्या पंचांगातील भाद्रपदापेक्षा वेगळा असतो. त्या दोन्हींची गल्लत करू नये. शेतकरी बंधूंना तर सांगायलाच नको की मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनलाच निघतो, अधिक महिना असो वा नसो, कारण पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात, तिथीवर नाही.

आपल्या घरी अशी एखादी नोंद असेल तर प्रथम तिच्यावरचा सन कोणता ते पाहावे, मग महिना पाहावा, मग वार पाहावा, आणि बेरीज सर्वांत शेवटी करावी. मोडी आणि उर्दू वाचू शकणारी माणसे गावोगावी कमी होत चालली आहेत, म्हणून हे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीतच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नोंद वाचून घेताना घरातील वृद्ध स्त्रीलाही जवळ बसवावे, आणि त्या वेळी कोणता सण होता, शेतात काय उभे होते, गावात काय चालले होते, हे तिला विचारून त्याच कागदावर खाली लिहून ठेवावे. नमस्कार.